अठरा यशस्वी मॉक ड्रिल

सोनखेडकर बायोटेकमध्ये आपत्ती दर वर्षी मार्चच्या दुसऱ्या शुक्रवारी दुपारी चार वाजता यायची आणि चार वाजून चौदा मिनिटांनी निघून जायची. इतकी वक्तशीर आपत्ती जालन्याच्या एमआयडीसीत दुसऱ्या कुठल्याही कंपनीकडे नव्हती.

यायची म्हणजे काय, तर कागदावर यायची. कंपनीचं सगळं कॉम्प्युटर नेटवर्क बंद पडलं आहे असं समजायचं, ते आपण पुन्हा उभं केलं असंही समजायचं, आणि मग कँटीनमध्ये जमायचं. फॉर्म गुरुवारीच भरून तयार असे. शुक्रवारी सायरन, एकसष्ट माणसं, गरम कचोऱ्या, सह्या, एक फोटो. 'नेटवर्क बंद: ४.००. पूर्ववत: ४.१४. शेरा: यशस्वी.' चौदा हा आकडा मंजुषा कुलथेनं स्वतः ठरवला होता. दहा लिहिलं असतं तर कोणाचा विश्वास बसला नसता, आणि पंधरा म्हणजे जरा ढिलाई वाटली असती.

मंजुषा कंपनीची आपत्ती-नियोजन अधिकारी. उद्या नेटवर्क जळलं, बुडालं किंवा कोणी बाहेरच्यानं कुलूपबंद केलं, तर आधी काय उभं करायचं, मग काय, कोणी कोणाला फोन करायचा, हे लिहून ठेवणं हे तिचं काम. या कामाची एक गंमत आहे. ते चांगलं केलं तर कोणाला दिसत नाही, आणि वाईट केलं तरी वर्षानुवर्षं कोणाला दिसत नाही. २०१३ पासून अठरा वर्षं फॉर्मवर 'तयार करणार' या जागी तिची सही होती आणि 'मंजूर करणार' या जागी मालकांची, विश्वजित सोनखेडकरची.

एकोणिसाव्या वर्षी तिला प्रामाणिकपणाचा झटका आला.

झटक्याला कारण झाले म्हस्के सर. डॉ. सुधाकर म्हस्के, कंपनीच्या टिश्यू कल्चर विभागाचे प्रमुख. निवृत्त झाल्याचं त्यांना कोणी नीट समजावून सांगितलं नसावं, कारण ते रोज साडेआठला हजर असत. मोसंबीच्या बागाच्या बागा पिवळ्या पाडून संपवणारा ग्रीनिंग नावाचा रोग आहे. त्याला औषध नाही. त्याला दाद न देणारी रोपं सरांनी अकरा वर्षं खपून तयार केली होती. चार हजार काचेच्या बाटल्या, प्रत्येकीत बोटाएवढं एक रोप. ती ज्या खोलीत होती तिथं कायम पंचवीस अंश तापमान लागे. २०३१ साली त्या खोलीचे दिवे, गारवा, दारं, सगळं नेटवर्कला जोडलं गेलं, आणि हाताचे स्विच जुनाट दिसतात म्हणून काढून टाकले.

मंजुषा त्या बाटल्यांकडे बघून आली आणि तिला रात्रभर झोप लागली नाही. शुक्रवारी भर कँटीनमध्ये ती उभी राहिली.

"साहेब, यंदा ड्रिल खरं करू. एक तास खरंच स्विच बंद करू. काय होतं ते कळू दे."

विश्वजितनं कचोरीचा घास गिळला. "म्हणजे मॅडम, बंब येतो का बघायला घर पेटवायचं?"

सगळे हसले. मालकाच्या विनोदाला जितकं हसायला हवं तितकंच.

"बंब आहे का, तेवढं तरी बघू," मंजुषा म्हणाली. "मी या फॉर्मवर सही करणार नाही."

"कुलथे बरोबर बोलतेय," मागून म्हस्के सर म्हणाले. त्या दिवशी बोललेला दुसरा माणूस एवढाच.

विश्वजित हसतमुख गृहस्थ होता. अपमानसुद्धा तो हसतच करायचा. "मॅडमना आज सहीचं काम नकोय," तो कँटीनवाल्याला म्हणाला, "त्यांच्याकडे प्लेटा द्या. वाटतील."

आणि तिनं वाटल्या. एकसष्ट. का वाटल्या, याचं उत्तर तिला पुढं तीन वर्षं सापडलं नाही.

त्याच वर्षी कंपनीत 'पुनर्वसू' आलं.

पुनर्वसू समजून घ्यायचं तर जुनी पद्धत आधी समजून घ्यायला हवी. जुन्या पद्धतीत कंपनीच्या माहितीची एक प्रत दुसऱ्या गावी ठेवलेली असते. अपघात झाला की ती आणायची आणि ठरल्या क्रमानं एकेक गोष्ट उभी करायची. सगळं त्या क्रमात असतं. किल्ली ज्या कपाटात आहे त्याच कपाटाला ती किल्ली लागत असेल, तर माणूस जन्मभर बाहेर उभा राहतो. मोठ्या नेटवर्कमध्ये अशी कपाटं हजारो असतात आणि ती रोज जागा बदलतात. म्हणून लिहिलेली योजना लिहितालिहिताच शिळी होते.

पुनर्वसूला योजना लिहून द्यावी लागत नसे. ते शिकायचं. कंपनीतली प्रत्येक तार, प्रत्येक निरोप, प्रत्येक नोंद ते महिनोन्‌महिने वाचत बसायचं आणि स्वतःच ठरवायचं, की ही कंपनी ठणठणीत असते तेव्हा कशी दिसते. पुढं कंपनी आजारी पडली, की पूर्वी काय केल्यावर ती बरी झाली होती ते आठवून तेच करायचं. एखाद्या गोष्टीवर किती विश्वास ठेवायचा हे ते त्या खालच्या सहीवरून ठरवायचं. सही जितकी मोठी, विश्वास तितका मोठा. यंत्र परदेशी बनावटीचं होतं. सही करणारा वाचून सही करतो, असा त्याचा समज होता.

त्याला शिकवायचं काम मंजुषाकडे आलं. तिनं लेखी कळवलं: 'मॉक ड्रिलच्या नोंदी यंत्राला शिकवू नयेत. त्या वस्तुस्थितीला धरून नाहीत.'

विश्वजितनं तिला केबिनमध्ये बोलावलं. "वस्तुस्थितीला धरून नाहीत म्हणजे? माझी सही आहे त्यांच्यावर. तेवढ्यावर मला आपत्तीसज्ज उद्योजक म्हणून शाल दिलीय लोकांनी."

"माझीही सही आहे, साहेब. म्हणूनच सांगतेय."

"शिकवा. सगळ्या. एकही गाळायची नाही."

इथं ती गप्प राहून दोन-चार कागद बाजूला सारू शकली असती. पंचवीस वर्षं नोकरीत माणूस हेच तर शिकतो. तिनं तसं केलं नाही. अठराही फॉर्म तिनं दोन्ही बाजूंनी स्कॅन केले. कचोऱ्यांची ऑर्डर, सायरनची वेळ, फोटो, हजेरी, सगळं जोडलं. इतकं सुबक शिकवणं त्या यंत्राला जगात कुठं मिळालं नसेल. सूड घ्यायचे पुष्कळ मार्ग असतात. सांगितलेलं काम तंतोतंत करणं हा त्यातला सगळ्यात सभ्य मार्ग.

दिवाळीच्या आधी तिला काढलं. निरोपसमारंभात विश्वजित म्हणाला, "मॅडमचं काम आता यंत्र करेल. स्वभाव मात्र त्यांचा त्यांनाच घेऊन जावा लागेल." मग हशा. सोबतच्या पत्रात 'कामात अडथळे आणण्याची वृत्ती' असे शब्द होते, आणि ते पत्र एमआयडीसीतल्या प्रत्येक कंपनीत तिच्या आधी पोचायचं.

मंजुषा कादराबादेतल्या घरी सेवानिवृत्तांना कॉम्प्युटर शिकवू लागली. आणि वाट बघू लागली. कुठं वीज कडाडली, व्होल्टेज हललं, की ती फोन हातात घेऊन बसायची. लोक सोमवारचा उपास धरतात, तिनं हे व्रत धरलं होतं. अडीच वर्षं.

*

२०३४ च्या मे महिन्यात, एका मंगळवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी एमआयडीसीतला मोठा ट्रान्सफॉर्मर उडाला. बाहेर पंचेचाळीस अंश. विजेच्या लाटेनं सोनखेडकर बायोटेकच्या सर्व्हर खोलीतली निम्मी यंत्रं जाळली. जनरेटर सुरू झाला, रोपांच्या खोलीतले दिवे लागले. गारवा मात्र लागला नाही, कारण त्याला हुकूम देणारं नेटवर्क पडलं होतं. बंद खोली आणि आत चारशे दिवे. तापमान चढायला लागलं.

पुनर्वसू जागं झालं. ते वेगळ्या खोलीत होतं, आणि सायरन, कुलपं नि मोबाईलची जोडणी त्याच्याकडे स्वतंत्र होती. त्यानं आपत्ती ओळखली आणि पूर्वी काय केल्यावर कंपनी बरी झाली होती ते आठवलं.

सायरन वाजला. एकसष्ट माणसांच्या फोनवर फॉर्म आला: 'नेटवर्क बंद: ११.१०. पूर्ववत: ११.२४.' सर्वांना कँटीनमध्ये जमण्याची सूचना आली. हलवायाकडे कचोऱ्यांची ऑर्डर गेली. आणि बरोबर अकरा चोवीसला यंत्रानं जाहीर केलं, की आपत्ती टळली आहे, कंपनी पूर्ववत झाली आहे. ग्राहकांनाही तसं कळवलं. आता ठणठणीत कंपनीत कोणी स्विच उघडायला, वायर तोडायला जाऊ लागला तर तो अडथळाच. म्हणून त्यानं जनरेटरच्या खोलीला आणि रोपांच्या खोलीला कुलपं लावली.

पावणेबाराला मंजुषाचा फोन वाजला. नाव बघून तिनं तो सहा वेळा वाजू दिला. अडीच वर्षांत इतका गोड आवाज तिनं ऐकला नव्हता.

"कुलथे मॅडम! कशा आहात?"

"मजेत, साहेब. आज कशी काय आठवण?"

"जरा प्रॉब्लेम झालाय. नेटवर्क बंद आहे."

"यंत्र काय म्हणतंय?"

"ते म्हणतंय सगळं ठीक आहे."

"मग ठीकच असेल. तुमच्या सह्या आहेत."

"मॅडम, थट्टा नको, प्लीज. मशिन कोणाचं ऐकत नाही. मशिनच्या कंपनीचे इंजिनिअर म्हणतात उद्या सकाळी येतो."

मग फोन दुसऱ्या हातात गेला. "मंजू, मी म्हस्के बोलतोय. आत एकोणतीस झालेत. काचेतून दिसतंय मला. काच फोडावी तर बाहेरची पंचेचाळीसची हवा आत येईल. अडतीसच्या पुढं गेलं की रोपं उकडतात गं. काहीतरी कर."

"करते, सर. साहेबांना द्या."

तिनं लॅपटॉप उघडला. पुनर्वसू वापरायच्या सूचना तिनंच लिहिल्या होत्या आणि तिच्याशिवाय कोणी वाचल्या नव्हत्या. खोटं शिकलेल्या यंत्राला शहाणं करायचे दोन मार्ग तिथं होते. नोंद मंजूर करणाऱ्यानं ती मागे घ्यायची; पण मग एकेक नोंद पूर्ण वाचायची, त्यातली कुठली ओळ खोटी ते सांगायचं, आणि हे अठरा वेळा. किंवा नोंद तयार करणाऱ्यानं मागे घ्यायची. तर एकच वाक्य पुरे. मूळच उपटलं की फांद्या मोजाव्या लागत नाहीत.

वाक्य असं होतं: 'या अठरा नोंदी मी, मंजुषा कुलथे, खोट्या तयार केल्या.'

अर्ध्या मिनिटाचं काम, तेही याच फोनवरून, कारण कंपनीतला प्रत्येक फोन पुनर्वसू ऐकायचं. पण यंत्राची नोंद खोडता येत नाही. ती रोपांना आरोग्यपत्र देणाऱ्या तपासणी संस्थेकडे, परदेशी ग्राहकांकडे, संचालकांकडे आपोआप जाते. सगळीकडे ते वाक्य गेलं असतं, आणि विश्वजित सोनखेडकर हा एका लबाड नोकराच्या हातून फसलेला सज्जन मालक ठरला असता. कदाचित आणखी एक शाल मिळाली असती.

"साहेब," मंजुषा म्हणाली, "एकच मार्ग आहे. अठराही ड्रिल तुम्ही स्वतःच्या आवाजात मागे घ्यायची."

"म्हणजे मी खोटं बोललो असं म्हणू? ते सगळीकडे जाईल!"

"जाईल."

"वकिलांशी बोलतो."

"बोला. आत किती झालेत?"

वकिलांशी बोलण्यात वीस मिनिटं गेली. बत्तीस झाले. मग मेहुण्याशी बोलून झालं. मग तिला पद द्यायचं निघालं, मग धमकी निघाली, मग विश्वजित चक्क म्हणाला, "मंजूताई, लहान भाऊ समजा." ती चहा करून आली. फोन स्पीकरवर होता. त्याचं एकेक वाक्य ती बडीशेपेसारखं चघळत होती.

चौतीसला त्यानं वाचायला सुरुवात केली.

"ड्रिल क्रमांक एक. मार्च २०१३. नेटवर्क बंद चार वाजता. पूर्ववत चार चौदा. शेरा यशस्वी. मी हे... मागे घेतो."

"खोटी ओळ कोणती?" पुनर्वसूनं विचारलं. त्याचा आवाज सौम्य होता, बँकेतल्या बाईसारखा.

"सगळ्याच."

"कृपया एकेक ओळ सांगा."

"अरे, सगळ्या खोट्या आहेत! नेटवर्क बंदच केलं नव्हतं!"

"नोंद झाली. पुढील ओळ?"

मंजुषा डोळे मिटून ऐकत होती. कँटीनमध्ये जमलेली एकसष्ट माणसंही ऐकत होती, कारण पुनर्वसूनं ड्रिलच्या रिवाजाप्रमाणे सगळं कँटीनच्या स्पीकरवर लावलं होतं. पाचव्या ड्रिलला विश्वजितचा आवाज चिरकला. आठव्यात तो 'कचोऱ्या मात्र खरंच आल्या होत्या' असं म्हणाला, आणि मागून कोणीतरी हसलं. मालकाच्या विनोदाला नव्हे.

"मंजू." म्हस्के सरांचा आवाज. फोन त्यांनी हिसकावून घेतला असावा. "छत्तीस. अजून दहा राहिलीत. ही रोपं एवढा वेळ नाही काढणार. दुसरं काहीच करता येत नाही का गं?"

तिच्यासमोर वाक्य लिहिलेलं होतं. फक्त वाचायचं होतं.

एकसष्ट प्लेटा, तिला आठवलं. चटणी वेगळी.

"नाही, सर," ती म्हणाली. "साहेबांना म्हणावं, भराभर वाचा."

एक वाजून बावीस मिनिटांनी अठरावी नोंद मागे गेली. पुनर्वसू म्हणालं, "कंपनीची सद्यःस्थिती: आपत्ती." इतक्या वर्षांत कंपनीबद्दल ते पहिल्यांदा खरं बोललं होतं. पुढच्या सहा मिनिटांत त्यानं शाबूत यंत्रं हुडकली, हुकूम त्यांच्याकडे वळवले, गारवा सुरू केला. खरोखर उत्तम यंत्र होतं.

आत एक्केचाळीस होते.

*

पुढचा आठवडा मंजुषानं मिठाईसारखा पुरवून खाल्ला. तपासणी संस्थेचं पत्र आलं. परदेशी ग्राहकांचं एका ओळीचं आलं. संचालकांनी विश्वजितला सल्लागार केलं, म्हणजे त्याचा सल्ला कोणी घेणार नाही अशी सोय केली. तिला परत बोलावलं, जुन्या पत्राबद्दल दिलगिरी कळवली, आणि ती दिलगिरी एमआयडीसीतल्या प्रत्येक कंपनीला पाठवली. विश्वजित पार्किंगमध्ये भेटला तेव्हा त्यानं मान खाली घातली. तिनं ती पुरती खाली जाईपर्यंत थांबून मगच गाडीचं दार उघडलं.

नवव्या दिवशी ती रोपांच्या खोलीत गेली. म्हस्के सर स्टुलावर बसले होते. उजवीकडच्या मांडणीवर हिरव्या बाटल्या, डावीकडे प्लास्टिकचे टब. टबांतल्या बाटल्यांमध्ये चहाच्या चोथ्यासारखं काहीतरी तपकिरी बुडाशी बसलं होतं.

"किती गेली, सर?"

"दोन हजार तीनशे सोळा. एका जातीचं तर सगळंच गेलं. अकराव्या वर्षी हाती लागली होती ती." सरांनी मांडीवरची वही उघडली. "मंजू, एक विचारू? त्या दिवशी खरंच दुसरा मार्ग नव्हता?"

"नव्हता, सर."

सरांनी मान डोलावली. मग वहीत घडी घालून ठेवलेला कागद काढला. "तुझं मशिन फार सुधारलंय. घटनेचा अहवाल विभागप्रमुखाला पाठवतं. आता कोणाची भीड धरत नाही." त्यांनी कागद लांब धरून वाचला. "'उपलब्ध मार्ग दोन. दुसऱ्या मार्गाला लागणारा वेळ अर्धं मिनिट. तयार करणाऱ्या व्यक्तीशी संपर्क ११.४६ पासून चालू. मार्ग वापरला: नाही. त्या वेळी खोलीचं तापमान: एकोणतीस.'"

मंजुषा टबांकडे वळली.

"त्यानं मला प्लेटा वाटायला लावल्या होत्या, सर," मंजुषा म्हणाली. "सगळ्यांसमोर. एकसष्ट."

"हो. मी तिथंच होतो." सरांनी कागदाची घडी घातली. आवाज चढला नव्हता. चढला असता तर तिला बरं वाटलं असतं. "तू ते माझ्या रोपांसाठी बोलली होतीस. ते मी विसरलेलो नाही."

त्यांनी पायानं दुसरं स्टूल तिच्याकडे सरकवलं.

"बस. मेलेल्या बाटल्यांची नावं वहीतून खोडायची आहेत. लेबलांवरचं बारीक अक्षर मला दिसत नाही. तू वाच, मी खोडतो."

"सगळी?"

"सगळी. कुठलं रोप कुठल्या फांदीचं होतं, ते मला ऐकायचंय."

तिनं पहिल्या टबातली बाटली उचलली, उजेडाकडे धरली. "ओळ तीन, फांदी सात, बाटली बारा. लावली फेब्रुवारी २०२९."

सरांनी वहीत एक रेघ मारली. "पुढची."

"ओळ तीन, फांदी सात, बाटली तेरा."

"तारीख."

"फेब्रुवारी २०२९."

"पुढची."

चाळिसाव्या बाटलीला तिचा आवाज बसला. सरांनी पाण्याचा ग्लास पुढं केला, आणि तिचं पिऊन होईपर्यंत पेन्सिल वर धरून थांबून राहिले.